मुख्य कार्डधारक

कार्डावरच्या नावाची पहिली दोन अक्षरं पार पुसली होती, आणि उरलेल्यांचा चंदेरी रंग उडून नुसता उंचवटा राहिला होता — बोट फिरवलं तर लागेल, नजरेला सहज दिसणार नाही, असा. फ्रिजवरच्या स्टीलच्या ताटलीत, गाडीच्या किल्लीखाली ते तिरपं पडलं होतं, आणि बसचा पास शोधता शोधता नंदा त्याच्याशी येऊन थांबली होती. तिचं स्वतःचं कार्ड आत कपाटात, आलं त्याच पाकिटात, अजून कोरं होतं. एकाच खात्याची दोन कार्डं, एकाच दिवशी कुरिअरनं आलेली... तिच्या नावाचं मुख्य, जीवनच्या नावाचं त्याला जोडलेलं. ॲड-ऑन.

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. सावकाश, तांब्या तांब्यानं, पाठीवर ओतत राहिल्यासारखा. म्हणजे मंगळवार. मंगळवारी आणि शुक्रवारी जीवन अशी अंघोळ करायचा. आणि त्याच दोन दिवशी बाहेर पडताना तो 'दुकानात जातो' असं म्हणायचा नाही, नुसतं 'निघतो' म्हणायचा. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून वाक्यच अर्धं करून टाकलेलं.

तिच्या पर्समध्ये बँकेचा कागद होता. वार्षिक शुल्क, करासह पाच हजार नऊशे. सहा वर्षांत पहिल्यांदा लागलेलं. तेरा मार्चच्या आत कार्ड साधं करून घेतलं तर परत मिळणार होतं, नाहीतर गेलं. आज तेरा मार्च. महिनाभर ती हा कागद पर्समध्ये घेऊन अमरावती ते नांदगाव खंडेश्वर आणि परत अशी फिरत होती, आणि रोज वाटत होतं, उद्या सांगू. उद्या जेवताना सहज विषय काढू. काय कठीण होतं त्यात? दहा वाक्यांचं काम. पण त्या दहांपैकी कुठल्याही वाक्यापासून सुरुवात केली तरी चौथ्या-पाचव्या वाक्याला अकोला येत होतं, आणि अकोल्याचं तिला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं.

जीवन बाहेर आला. इस्त्रीचा फिका निळा शर्ट. खांद्याला पिशवी, तिच्यात जुना शर्ट घडी करून ठेवलेला असणार — परवा धुवायला टाकला तेव्हा त्याला काहीतरी आंबूस, जळकट वास येत होता आणि पोटाजवळ बारीक बारीक भोकं पडली होती. तिनं विचारलं नव्हतं. वेगळा भिजवून, वेगळा वाळत घातला होता.

"गाडीत पेट्रोल हाये का?" तिनं विचारलं.

"टाकतो रस्त्यात."

"इथंच टाकून घ्या न. चौकातच तं आहे पंप."

"काहून? आज काय झालं?"

"काही नाही." ती डब्याचं झाकण घट्ट करत राहिली. ते आधीच घट्ट होतं. "सुटे घेऊन जा थोडे. असू द्या जवळ."

जीवननं तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं तिला नंतर बसमध्ये वाटलं. मग ताटलीतलं कार्ड उचलून त्यानं वरच्या खिशात टाकलं.

"हे हाये न," तो म्हणाला. "निघतो."

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. बडनेरा मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग दिसू लागले. नजर त्यांच्यावर होती, लक्ष नव्हतं... ती मुलगी किती गोड बोलत होती, बँकेची, सहा वर्षांपूर्वी पंचायत समितीच्या सभागृहात. सगळ्या शिक्षकांची पगाराची खाती तिच्या बँकेत गेली होती. मॅडम, तुमच्या पगारावर तुम्हाला हे कार्ड मिळतं, आणि घरातल्या एकाला दुसरं फुकट. वर्षात ठरावीक रकमेच्या वर वापर झाला की शुल्क नाही. नंदाला नकोच होतं. जीवनला हवं होतं. बस स्टँडच्या मागे त्याचं दुकान होतं, फवारणीच्या पंपांचं आणि त्यांच्या सुट्या भागांचं; नागपूरचा मोठा व्यापारी कार्डावर माल द्यायचा, आणि मालागणिक पॉइंट जमायचे. तेव्हा हंगामात दुकानात उभं राहायला जागा नसे. नोझल, वायसर, पट्टा, बॅटरी... गावोगावची माणसं त्याला नावानं हाक मारायची. "मी हिच्या खात्याले जोडेल माणूस," तो हसून सगळ्यांना सांगायचा. ज्याला हे असं हसून सांगता येतं त्याला ते लागत नाही. तेव्हा लागत नव्हतं.

कार्ड आलं त्याच आठवड्यात तो वडिलांना चप्पल घ्यायला घेऊन गेला होता, नंदाही बरोबर होती. नत्थुजींनी जन्मभर वांगी आणि झेंडू विकला. सकाळी माल, दुपारी पैसे, संध्याकाळी कनवटीची गाठ सोडून मोजणी, यापलीकडे त्यांचा व्यवहार नव्हता. राजकमल चौकाजवळच्या दुकानात जीवननं कार्ड दिलं, यंत्रातून चिठ्ठी निघाली, आणि ते बाहेर पडले. म्हातारा दहा पावलांवर थांबला.

"पैसे नाही देल्ले तू त्याले."

"देल्ले न बावा. कार्डातून गेले."

"तुह्यापासून गेले. पण त्याच्याजवळ आले कुठं?"

आणि मग चौकापर्यंत ते मागे वळून वळून बघत चालले होते, कुणी हाक मारतंय का म्हणून. जीवन हसत होता, नंदाही हसत होती. आज बसमध्ये तिला त्या म्हाताऱ्या मानेचं ते वळणं आठवलं, आणि हसू आलं नाही. त्याच्याजवळ आले कुठं... काही चुकीचं विचारलं नव्हतं त्यांनी.

मग पावसानं दोन वर्षं तोंड फिरवलं. मग बोंडअळीचं वर्ष आलं. फवारताना माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या. रस्त्यानं जाणारे ओळखीचे लोकही दुकानाकडे न बघता जातात, असं जीवन एकदाच म्हणाला होता, जेवताना, आणि लगेच लोणचं मागितलं होतं. तिला वाटलं होतं, मंदी आहे, सरेल. बँकेचा हा कागद आला तेव्हा कळलं की मंदी नव्हती. वर्षभर त्यानं नागपूरहून माल आणलाच नव्हता. शुल्क लागलं होतं ते त्यामुळे.

पण त्याच्याही आधी अकोला होतं. दिवाळीनंतरचा एक मंगळवार. पाचवीच्या वर्गात ती अपूर्णांक शिकवत होती आणि टेबलावर फोन थरथरला. बँकेचा मेसेज — कार्डावर दोनशे रुपये, पेट्रोल पंप, अकोला. तिनं तो दोनदा वाचला. मग शुक्रवारी पुन्हा. मग पुढच्या मंगळवारी. नेहमी साडेचार-पाचच्या सुमाराला. अमरावतीत राहणारा, अमरावतीत दुकान असलेला माणूस आठवड्यातून दोनदा शंभर किलोमीटरवर जाऊन पेट्रोल का टाकतो? काय काय मनात आलं होतं त्या दिवसांत. एका रात्री तर... नको. ते आठवलं तरी स्वतःचीच लाज वाटते.

उलगडा केला तो अमरीन मॅडमनी, काही माहीत नसताना. अमरीन तिच्याच शाळेत सातवीला शिकवायच्या, माहेर अकोल्याचं, जठारपेठेत भावाचं घर. संक्रांतीच्या सुमाराला मधल्या सुट्टीत त्या डबा उघडता उघडता म्हणाल्या होत्या, "मॅडम, तुमच्या मिस्टरांनी अकोल्याला नवं काम धरलं का? भाईजाननं इन्व्हर्टर घेतलं ना, तर बसवायला तेच आले होते. तुमच्या गॅदरिंगच्या फोटोवरून भाभींनी ओळखलं. दोन जिने बॅटरी खांद्यावर घेऊन चढले म्हणे. फार सलीक्याचं काम आहे त्यांचं."

"हो," नंदा म्हणाली होती. "पाहून राहिले दोन-तीन ठिकाणी." आणि चटणी पुढे केली होती.

इतकं सहज बोलली होती ती, की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. त्या दिवसापासून तिनं हे आपल्याजवळ ठेवलं. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, ज्याच्या गल्ल्यासमोर लोक उभे राहायचे, तो लोकांच्या जिन्यांवरून बॅटऱ्या वाहतो. घरी सांगत नाही. तर त्याला सांगायचं नाही तेवढं तरी राहू द्यावं त्याच्याकडे. रोज संध्याकाळी तो आला की ती त्याच्या चालण्याकडे न बघता भाजीत चमचा फिरवायची, आणि मनात म्हणायची, हे मी त्याच्यासाठी करतेय.

मधल्या सुट्टीत ती शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ गेली. तिथं रेंज यायची. एक दाबा, तीन दाबा, बाजा वाजत राहिला, आणि मग एक मुलीचा आवाज आला. आधी हिंदीत, मग नंदाचं मराठी ऐकून पुण्याच्या मराठीत.

"खात्रीसाठी आपल्या आईचं नाव सांगाल?"

"सुंदराबाई."

"धन्यवाद, बेबी नंदा मॅडम." नाव बेबीनंदा होतं, एकत्र, माहेरी जन्मल्यावर कुणीतरी हौसेनं ठेवलेलं. ही मुलगी मध्ये श्वास घेऊन त्याचे दोन तुकडे करत होती. "मी आपली काय मदत करू?"

"कार्ड साधं करायचं आहे. बिनाशुल्काचं."

"मॅडम, आपण सहा वर्षं आमच्या विशेष ग्राहक आहात. विमानतळावरची सुविधा, दुप्पट पॉइंट, हे सगळं बंद होईल."

"चालेल."

"कारण सांगू शकाल? नोंदवावं लागतं."

कारण. टाकीच्या सावलीत एक कुत्रं निजलं होतं. कारण... कुठून सुरू करू बाई तुला? "वापर नाही," ती म्हणाली.

"पण ॲड-ऑन कार्डावर नियमित वापर दिसतोय, मॅडम."

"तो पेट्रोलचा आहे."

"साध्या कार्डावर ॲड-ऑन मिळत नाही. विनंती नोंदवली की जीवन सरांचं कार्ड लगेच बंद होईल."

"म्हणजे, आत्ता?"

"हो, लगेच."

दीड वाजला होता. साडेचार-पाचला तो अकोल्याच्या त्या पंपावर असणार, मागे गाड्यांची रांग, कदाचित बरोबर ज्याच्या दुकानात तो काम करतो तो मालक किंवा तिथला कुणी. पंपावरचा माणूस कार्ड एकदा ओढणार, दुसऱ्यांदा ओढणार, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार, नाही चालत. आणि खिशात सुटे आहेत की नाही कुणास ठाऊक. तरी म्हटलं होतं सकाळी...

"संध्याकाळी सातनंतर बंद करता येईल का? मले... मला आज संध्याकाळीच हवं होतं."

"तशी वेळ टाकण्याची सोय नाही, मॅडम. आपण संध्याकाळी परत फोन करू शकता. पण आज आपली शेवटची तारीख आहे, आणि त्या वेळी लाइन मिळायला वेळ लागतो."

"मी करते परत," ती म्हणाली.

साधं होतं. मेसेज येईल, म्हणजे त्यानं पेट्रोल टाकलं, म्हणजे तो निघाला. मग फोन करायचा. मग तो घरी येईल आणि मग... ते मग बघू. शेवटच्या दोन तासिका तिनं फोन टेबलावर उताणा ठेवून काढल्या. साडेचार झाले. मुलं वाचत होती, ती ऐकत नव्हती. पाच. शाळा सुटली. परतीच्या बसमध्ये फोन तिनं हातातच धरला, घामानं काच ओली झाली ती पदरानं पुसली, आवाज बंद तर नाही ना ते तीनदा पाहिलं. पावणेसहा. सहा. पाच महिन्यांत एकही मंगळवार चुकला नव्हता. आणि आता एकेक गोष्ट सुचू लागली — बोरगाव मंजूचा रस्ता, मुर्तिजापूरचे ट्रक, पाठ, जिना, खांद्यावरची बॅटरी. ज्या मेसेजनं सुरुवातीला झोप उडवली होती, त्याची ती आता वाट बघत होती. आणि एकदम तिच्या लक्षात आलं की हे आजचं नाही. कित्येक मंगळवार, कित्येक शुक्रवार ती पाचच्या सुमाराला जरा थांबायची, हातातलं काम ठेवायची, आणि फोन थरथरला की पुन्हा कामाला लागायची. आला. पोचेल आता साडेसातपर्यंत. कुकर लावावा.

साडेसहाला घरी पोचून तिनं जीवनला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडीवर असला की तो उचलायचा नाही. तेवढाच धीर. मग बँकेला लावला. बाजा, बाजा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. दुपारचीच मुलगी येईल असं उगाच वाटत होतं, पण यावेळी एक पुरुष आला, थकलेला, भराभर बोलणारा. त्यानं कारण विचारलं नाही, स्वतःच काहीतरी लिहून टाकलं असावं.

"पॉइंट शिल्लक आहेत, मॅडम. पंचेचाळीस दिवसांत वापरून घ्या. ट्रॉली बॅग येईल, किंवा विमानाचं एक तिकीट. एकाच बाजूचं."

तुले विमानात बसवतो एकदा, पॉइंटावर, नागपूरहून, असं जीवन म्हणायचा; लेकीला, खुशीला, नागपूरच्या होस्टेलवर सोडून परत येताना म्हणायचा, दरवेळी, विमानतळाची पाटी आली की. एकाच बाजूचं, एकाच माणसाचं. "राहू द्या," नंदा म्हणाली. "पाहीन."

सातला दहा कमी असताना कार्ड बंद झालं.

सव्वासातला फाटकाशी गाडी वाजली. त्या आवाजासरशी ती उठून उगाच गॅसजवळ जाऊन उभी राहिली. जीवन मोरीत पायांवर पाणी घेत होता. किती वेळ. मग टॉवेल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला.

"मी कार्ड बंद केलं," ती वळून न बघता म्हणाली. सगळ्या ठरवलेल्या वाक्यांतलं एकही आलं नाही. "म्हणजे, साधं केलं. शुल्क लावलं होतं त्यांनी. माझं एकच राहील आता. तुमचं... तुमचं ते चालणार नाही."

"बरं केलं," तो म्हणाला.

इतकंच. तिला वाटलं होतं तो काहून विचारेल, किंवा गप्प बसेल, आणि त्या गप्प बसण्याला कसं सांभाळायचं याची तिनं महिनाभर तयारी केली होती. त्यानं खिशातून कार्ड काढलं आणि ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं.

"सकाळी सुटे घे म्हणे तू, तवाच समजलं मले. आज नगदीच टाकलं पेट्रोल." टॉवेलनं तो बोटं एकेक करून पुसत होता. "इथंच टाकलं मंग, तू म्हणे तसं. चौकात."

"मी वाट पाहून राहिली होती," तिच्या तोंडून निघून गेलं. "मेसेजची."

म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय म्हणालो ते. भाजीचा चमचा तसाच राहिला. पण जीवनच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. तो स्टूल ओढून बसला, बसताना एक हात भिंतीला टेकवून.

"येते न तुले," तो म्हणाला. "मले ठाऊक होतं. फार्म भरला तवाच त्या पोरीनं सांगतलं होतं, दोन्ही कार्डांचा मेसेज मुख्य कार्डवाल्यालेच जाईन म्हणून." त्यानं टॉवेल मांडीवर घेतला. "तिकडं पेट्रोल महाग हाये दोन पैशानं. तरी तिथंच टाको मी."

मग त्यानं खाली बघितलं.

गॅसवरचं आधण उकळायला लागलं होतं. तिनं ज्योत बारीक केली, नंतर पुन्हा मोठी केली. दिवाळीपासून. दर मंगळवारी, दर शुक्रवारी, दिवसभराचं काम संपल्यावर, तो त्या पंपावर थांबत होता आणि कार्ड पुढे करत होता, म्हणजे तिच्याकडे टेबलावर फोन थरथरावा. तोंडानं निघत नव्हतं ते असं पाठवत होता. पाच महिने. आणि घरी येऊन तिच्या तोंडाकडे बघत असणार, आज विचारेल, आता विचारेल... आणि मी भाजीत चमचा फिरवत होते. मी समजत होते, मी त्याला झाकतेय. तो काय समजला असेल? की हिला वाचायलाही वेळ नाही? की वाचून हिला काहीच वाटलं नाही? की लाज वाटते हिला माझी?

हे विचारायला हवं होतं. आत्ताच. पण इतके दिवस जे दयेसारखं मनात धरलं होतं, त्याला आता काय म्हणावं ते तिला कळत नव्हतं. आणि त्याचा राग आला, थेट सांगितलं का नाही म्हणून, आणि राग पुरता वर यायच्या आधीच दमून गेला. पाठमोरी असूनही तिला त्याचं बसणं जाणवत होतं. तो उठून शर्ट बदलायला गेला नव्हता. बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्ही लावला नव्हता. बसून होता, टॉवेल मांडीवर घेऊन, जसं कुणी आपला नंबर यायची वाट बघत बसतं. आणि आता मेसेज येणार नव्हता. आज तिनंच तो बंद केला होता, सातला दहा कमी असताना, पाच हजार नऊशे वाचवायला. आता जे काही त्याच्याकडून तिच्याकडे यायचं ते या एवढ्याशा स्वयंपाकघरातून, तोंडानंच यायचं होतं. तिच्याकडूनही.

"नंदा," तो म्हणाला.

ती वळली. काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं. पण वळताना तिच्या लक्षात आलं की ती कितीतरी दिवसांनी त्याच्याकडे, त्याच्या खांद्यांकडे, सरळ बघते आहे, आणि त्यालाही ते दिसतं आहे.